तुळशीभोवतीचं भुयारी स्टेशन

माझं लग्न लंडनमधल्या एका स्टेशनावरून मोडायच्या बेतात आलं होतं. मी लंडन पाहिलेलं नाही. ज्यांनी लग्न मोडायला घेतलं होतं त्यांनीही पाहिलेलं नव्हतं. ती सगळी शेजारच्या मायवरम्‌पर्यंत जाऊन आली तरी पाय चेपून घेणारी माणसं. पण न पाहिलेल्या गोष्टीबद्दल आमच्या घरात जितक्या ठामपणे बोललं जाई, तितकं पाहिलेल्या गोष्टीबद्दल कधीच नाही.

आम्ही तंजावरकडचे मराठी. आमचे पूर्वज राजांच्या पदरी होते. इंग्रजांनी राज्य खालसा केलं, वाड्यातलं काम सुटलं, आणि घराणं कुंभकोणमला येऊन राहिलं. तेव्हापासून विठ्ठलाच्या मठात भजन करायचं आणि उरलेल्या वेळात राज्य असतं तर काय झालं असतं यावर बोलायचं, एवढाच उद्योग. बाहेर तमिळ, घरात मराठी. तीही इतकी जुनी, की एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्याला वाटलं आम्ही पोथी वाचतो आहोत. आई त्याला ताक हवं का म्हणून विचारत होती.

घरात शब्द चाले तो थोरल्या आजोबांचा. हे माझ्या आजोबांचे मोठे भाऊ. मठातल्या भजनाचे प्रमुख, देहानं भरभक्कम, आणि सोवळ्याच्या बाबतीत इतके कडक, की कावळा शिवेल म्हणून चौकात बसताना डोक्यावर छत्री धरायचे. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं. ते प्रेम मला पुढे फार महागात पडणार होतं, कारण प्रेमापोटीच ते माझ्यासाठी निर्दोष नवरा शोधत होते आणि निर्दोष पुरुष कावेरीच्या काठी फारसे मिळत नसत.

मुलगा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचा. आमच्याकडे मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्कच असतो, त्यामुळे लहानपणापासून आमचं ठरल्यासारखं होतं. मला तो हवा होता. हे मी सरळ लिहिते, कारण तेव्हा सरळ बोलायची सोय नव्हती. तो वकिली शिकायला लंडनला गेला आणि परत आला तेव्हा समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त थोरल्या आजोबांनी स्वतः उभं राहून करवून घेतलं. कावेरीत बुडवून काढलं, पंचगव्य पाजलं, होम केला, मठाला जेवण घातलं. समुद्राचं पाप असं धुऊन वाळत घातल्यावर आत्या त्याला घेऊन साखरपुड्यासाठी आमच्या घरी आली. बरोबर माझ्यासाठी तिरुभुवनम्‌चं रेशमी लुगडं. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं. हे स्थळ बिनसलं तर दुसरं तयार होतं, तपकीर ओढणारा एक बिजवर. तो शिंकला की त्याच्या गल्लीतल्या गाई उठून उभ्या राहात.

जेवणाआधी पुरुषमंडळी चौकाभोवतीच्या ओसरीवर बसली आणि कोणीतरी म्हणालं, लंडनचं काही सांग. मी दाराआड होते. तो सांगू लागला.

"रस्त्यावर दुकानासारखं दार असतं. आंत शिरलं की जिना. तो उतरायचा नाहीं. आपण नुसतं उभं राहायचं, जिनाच खालीं जातो."

"मग देवानं पाय कसाला दिले?" थोरल्या आजोबांनी विचारलं. आमच्यात कशाला म्हणायचं तर 'कसाला' म्हणतात आणि थोरल्या आजोबांची निम्मी वाक्यं त्याच शब्दावर उभी असत.

तो पुढे सांगत राहिला. जमिनीखाली लांबच लांब ओटा. भिंतींना पांढऱ्या फरशा, त्यांवर साबणाच्या आणि बिस्किटांच्या जाहिराती. भर दुपारी दिवे. आधी भुयारातून वारा येतो, मग उजेड येतो, मग गाडी. दारं आपोआप उघडतात, आपोआप मिटतात. आत सगळे गप्प बसलेले, कोणी कोणाकडे बघत नाही.

"कोणी गेलं होतं कीं काय?" दाराआडून माझ्या आईनं हळहळून विचारलं.

"नाहीं मामी. ते तसेच बसतात."

धाकट्या काकाला हे पटेना. आमच्या गावात मांडवाचा खांब रोवायला खड्डा खणला तरी कावेरीचं पाणी वर येतं. जमिनीखाली एवढं खणायचं आणि पाण्याचा टिपूस नाही, म्हणजे ते गावच करंटं, असं त्याचं मत पडलं. काका खादी घालायचा, त्यामुळे लंडन करंटं निघालं की त्याला बरं वाटे.

"ती गाडी जाते कोठें?" थोरल्या आजोबांनी विचारलं.

"गोल फिरते. शहराच्या खालून, आणि परत तेथेंच येते."

थोरले आजोबा एकदम सावरून बसले. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे प्रदक्षिणा!" ते म्हणाले. "इंग्रज झाले तरी त्यांना कळलं की! जमिनीखालून का होईना, प्रदक्षिणा घालतात. मध्यें कोणतं दैवत?"

"दैवत नाहीं. बगीचे आहेत, दुकानं आहेत, राजाचा वाडा आहे."

राजाच्या वाड्याचं नाव निघताच धाकटा काका उसळला. ज्यांनी आमच्या राजाचं राज्य गिळलं त्यांच्या राजाला आमच्या घरच्या मुलानं प्रदक्षिणा घातली म्हणजे काय! थोरल्या आजोबांनी त्याला हातानं गप्प केलं, पण तेही जरा चपापले होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"फिरते कोणत्या बाजूनें?"

"दोन्ही बाजूंनीं. ह्या ओट्यावरून उजवीकडची, समोरच्या ओट्यावरून डावीकडची."

"तूं कोणत्या गाडींत बसायचास?"

तो अडखळला. दारातल्या आत्याकडे बघितलं. मग म्हणाला, "जातांना एक, येतांना दुसरी."

आमच्याकडे लहान मूलसुद्धा देवाला उलटी फेरी घालत नाही. भजनात दिव्याभोवती फेर धरतात तेव्हा एखादा चुकून उलटा वळला तर त्याला कान धरून सुलटा करतात. आणि हा मनुष्य रोज संध्याकाळी शहरभर उलटा फिरून येत होता, तोही पाताळातून! समुद्राला प्रायश्चित्त होतं. ह्याला काय, ते कुठल्याच पोथीत नव्हतं. धाकटा काका मात्र आता खूश झाला. राजाला उलटी फेरी घातली म्हणजे हे देशकार्यच झालं, असं तो म्हणू लागला. "आणि सकाळीं सुलटी घातली तें?" थोरल्या आजोबांनी विचारल्यावर तोही बसला डोकं खाजवत.

आमची आत्या हुशार बाई. ती पुढे सरसावली. "थोरले काका, शंकराची प्रदक्षिणा कशी असते? पन्हाळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाहीं, आल्या वाटेनें परत फिरायचं. माझा मुलगा सकाळीं गेला, संध्याकाळीं त्याच वाटेनें परत आला. पूर्ण फेरी कधीं झालीच नाहीं. सोमसूत्री झाली, अगदीं शास्त्रानें!"

थोरल्या आजोबांनी मान डोलवली. आम्ही विठ्ठलाची माणसं खरी, पण कुंभेश्वराच्या गावात राहून शंकराला नाही कोण म्हणणार? साखरपुड्यासाठी आलेल्या भटजींनीही मान डोलवली, कारण पुरणाचा वास सुटला होता. माझा जीव भांड्यात पडला. आत्यानं तिथंच थांबायला हवं होतं. पण लेकाचं कौतुक सुरू झालं की ती थांबत नसे.

"अभ्यास तरी किती करायचा पोर!" ती म्हणाली. "एका संध्याकाळीं तर गाडींतच झोंप लागली. असकी फेरी पुरी झाली, तेव्हां जाग आली!"

असकी म्हणजे सबंध. सबंध उलटी फेरी. आत्यानं तोंडावर हात ठेवला, पण आता उशीर झाला होता. भटजींनी मान डोलवायची थांबवली. थोरले आजोबा म्हणाले, "सोमसूत्री गेली." आणि त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. त्याचा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता. बिजवराकडे निरोप जाणार.

तेव्हा आत्याचा मुलगा पहिल्यांदाच जरा आवाज चढवून बोलला. "आजोबा, खालीं ना सूर्य, ना आभाळ, ना सावली. गाडी कोणीकडे वळते तें बसलेल्याला कळतच नाहीं. जें कळत नाहीं त्याचं पाप कसं लागेल?"

"कळत नाहीं कसं? ज्यानें जन्मभर सोवळं पाळलं त्याला आंतून कळतं, देव उजव्या हाताला आहे कीं डाव्या. माझे डोळे बांधा आणि फिरवा. मी सांगतों. मला कळलं नाहीं तर मुलाचा दोष नाहीं, आजच साखरपुडा." आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "शब्द दिला."

मग आमच्या चौकात लंडनचं स्टेशन उभं राहिलं. त्यासाठी फारसं काही करावंच लागलं नाही. चौक ओसरीपेक्षा दोन पायऱ्या खोल, म्हणजे रुळांची जागा आयतीच होती. चारी बाजूंची ओसरी म्हणजे ओटा. मधोमध तुळशीवृंदावन. वरून ऊन येत होतं आणि उन्हाची धग लागली तर थोरल्या आजोबांना दिशा कळेल म्हणून वर भुयार करायचं ठरलं. आत्यानं साखरपुड्याचं लुगडं उलगडलं, बायकांनी ओसरीवर उभं राहून दोन्ही काठ धरले. तो सूचना देत होता, "वारा! गाडीआधीं वारा यायला हवा!" म्हणून स्वयंपाकीण सूप घेऊन वारा घालायला उभी राहिली. सुपात तांदळाचा कोंडा राहिला होता, तो सगळा भटजींच्या अंगावर गेला. धाकटा काका भिंतीपाशी जाऊन मोठ्यानं साबणाची जाहिरात करू लागला, फक्त स्वदेशी साबणाची.

चालत फिरलो तर पायांना ओळखीची फरशी कळेल, म्हणून थोरल्या आजोबांना वेताच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. माझे वडील, धाकटा सोडून दोन काका आणि एक तगडा शेजारी. डोळ्यांवर उपरणं बांधलं. खुर्चीला दोर बांधून पुढं एकानं इंजीन व्हायचं आणि इंजीन नेईल तिकडं गाडीनं जायचं. आधी जागच्या जागी खुर्ची दोनतीनदा गरगर फिरवली, म्हणजे सुरुवातीची दिशा विसरेल.

"इंजीन कोण?" शेजाऱ्यानं विचारलं.

आणि इथं सगळं अडलं. उलट्या बाजूनं न्यायचं म्हणजे तुळशीला उलटी फेरी. कोण घालणार? धाकटा काका साबणात गुंतला. भटजी कोंडा झटकू लागले. तो स्वतः पुढं होत होता, पण आत्यानं त्याचा हात धरला, आधीच एक फेरी डोक्यावर आहे म्हणून. आणि डोळे बांधलेले थोरले आजोबा खुर्चीत हसत होते. मला त्यांचा डाव तेव्हा कळला. या घरात उलटं जायला कोणी धजणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे गाडी सुलटीच सुटणार, ते "सुलटी" म्हणून सांगणार आणि जिंकणार. मला इतका राग आला की कानशिलं तापली.

मी दाराआडून बाहेर आले. सगळ्या पुरुषांच्या देखत, होणाऱ्या सासूच्या देखत, चौकात उतरले आणि दोर हातात घेतला. आईनं "अय्यो!" म्हणून तोंडात पदर कोंबला. मी कोणाकडे पाहिलं नाही. तुळस डाव्या हाताला घेऊन मी वळले.

खुर्ची जागची हलेना. चौघे एकमेकांकडे बघत होते. वडिलांनी माझ्याकडे बघून नको नको अशी मान हलवली. तेवढ्यात खुर्चीतून गर्जना झाली, "गाडी सोडा रे! पुरण गार होतं आहे!" आणि हुकूम ऐकायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, चौघेही निघाले. मी पुढं, मागं खुर्ची, डोक्यावर तिरुभुवनम्‌चं रेशीम, स्वयंपाकिणीचं सूप फडफडतंय, अशी ती गाडी तुळशीला उलटा वळसा घालून पुन्हा होती तिथं आली. मी जन्मात तेवढी एकच उलटी फेरी घातली. तुळस माझ्या डाव्या खांद्याला घासून गेली तेव्हा मी मनात म्हटलं, आई, तूही बाईच आहेस, समजून घे.

"सुलटी!" खुर्ची टेकताच थोरले आजोबा म्हणाले. "तुळस पूर्ण वेळ उजव्या हाताला होती. मला मंजिरीचा वासही उजवीकडूनच आला. सोडा डोळे."

डोळे सोडले. आधी त्यांनी उजवीकडे बघितलं. तिथं भटजी होते. मग डावीकडे बघितलं. मग पुढं बघितलं, तर दोर धरून मी.

उलटी फेरी घालणारी मुलगी म्हणून आता बिजवरही मिळणार नाही, हे माझ्या आईच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. थोरले आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली नाही. घालायची आठवणच राहिली नाही.

"ह्या घरांत," ते शेवटी म्हणाले, "इंजीन होण्यासारखा एक पुरुष नाहीं." आणि भटजींकडे वळून म्हणाले, "असक्यांना प्रायश्चित्त सांगा. मलाही. मुलाच्या पानांत जें वाढाल तेंच आमच्या पानांत. आणि शब्द दिला आहे, साखरपुडा उरकून घ्या."

आत्यानं लुगड्याची घडी घालता घालता ओसरीवरूनच सांगून टाकलं, "हें इंजीन माझ्या घरीं येतं आहे, कोणी हात लावूं नका." मग सगळं घर, चारही गाडीवाले, स्वयंपाकिणीसकट, कावेरीवर जाऊन बुडून आलं. ओल्या कपड्यांची ती वरात बघून घाटावरच्या लोकांनी कोण गेलं म्हणून विचारलं. पुरण अर्थातच गार झालं होतं.

थोरले आजोबा लग्नापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. लग्नात अग्नीभोवती फेरे सुरू झाले तेव्हा मात्र काठी घेऊन शेजारी येऊन उभे राहिले आणि मला काठीनं दिशा दाखवत राहिले, "उजवीकडून! उजवीकडून!"

लग्नाआधी तो होता, लग्नानंतर 'हे' झाले. सासर पट्टीश्वरम्‌ला. पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही पडवीत विड्याची पानं पुसत बसलो होतो. आत्या देवळात गेली होती. मी त्यांना म्हटलं, मला त्या स्टेशनाचं पुन्हा सांगा, गाडीत बसल्यावर कसं वाटतं ते सांगा. हे बराच वेळ एकच पान पुसत राहिले.

"मी त्या गाडींत कधीं बसलोंच नाहीं," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा करताहेत. पण थट्टा नव्हती. त्यांची खोली कॉलेजच्या समोरच होती, गाडीची गरजच नव्हती. खोली मात्र गारठलेली. स्टेशनात खाली ऊब असे. भुयारातून उबदार वारा येई. म्हणून रोज संध्याकाळी सगळ्यांत स्वस्त तिकीट काढून हे खाली जात, ओट्यावरच्या बाकावर बसत, गाड्या येत, गाड्या जात, आणि आखडलेली बोटं हलायला लागली की वर येत. रोज स्टेशनावर जातो एवढंच त्यांनी आईला कळवलं होतं. गाडीत तिनंच बसवलं. अभ्यासानं थकून गाडीत झोप लागल्याचं मात्र ह्यांनी ठोकून दिलं होतं, एका परीक्षेत नापास झाले तेव्हा.

"मग त्या दिवशीं सांगितलं कां नाहीं?" मी ओरडलेच. "मी तुळशीला उलटी फिरलें! असकं घर नदींत बुडवलंत!"

"आई सगळ्या घाटावर सांगत फिरली होती, माझा मुलगा पाताळांतल्या गाडीनें फिरतो म्हणून. तिच्यासमोर काय सांगूं? थंडी वाजायची म्हणून बिळांत जाऊन बसायचों? त्यापेक्षां पापी म्हणाले तें बरं. पापी माणसाची कोणी कींव करत नाहीं."

आता मला हसू आवरेना. पानं सांडली. थोरले आजोबा खुर्चीत, भटजींच्या अंगावर कोंडा, आणि ज्याच्यासाठी हे सगळं तो गाडीत चढलेलाच नाही! हसत हसत मी विचारलं, "अहो, पण एकदां तरी बसायचं होतं! तिकीट होतं ना हातांत?"

"एकदां एक पाय आंत टाकला होता," ते म्हणाले. "मग वाटलं, ही अशी फिरत राहील, मी आंत बसून राहीन, आणि वर कोणी विचारणारही नाहीं, तो कोठें गेला म्हणून. पाय मागे घेतला."

माझं हसू तिथंच थांबलं. मी सांडलेली पानं गोळा केली, आणि म्हटलं, "यापुढें मी विचारीन."

आणि मी विचारलं. जन्मभर विचारलं. कोर्टातून आले तरी, देवळातून आले तरी, कोपऱ्यावर सुपारी आणायला गेले तरी, मी दारात उभी, "कोठें होतां?" त्यांचे मित्र हसत. पुढं मुलं हसू लागली. हे वैतागत, माझ्या नावानं कपाळाला हात लावत, पण उत्तर दिल्याशिवाय एकदाही घरात आले नाहीत.